पस्तीस पौंड कुठे गेले

रेवा आणि अद्वैत, मागच्या रविवारी रेवाने फोनवर मला विचारलं, "आजी, तू कधी फिजिक्समध्ये नापास झाली होतीस का?" आणि मी लगेच "छे गं" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवला, चहाचा कप विसळला, पालथा घातला, आणि मग लक्षात आलं की या वयात मी एका अठरा वर्षांच्या मुलीशी खोटं बोलले. तिचा आवाज रडवेला होता. मी खरं सांगितलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. म्हणून हे लिहायला बसले आहे. नुसतं "नापास झाले होते" एवढंच सांगायचं तर पोस्टकार्ड पुरलं असतं. पण त्या नापास होण्याला लागून आणखी एक गोष्ट आहे, ती मी तुमच्या आजोबांनाही कधी सांगितली नाही. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं हे मला ठाऊक आहे. पण यातली माणसं इंग्रजीत बोलली नव्हती. सावकाश वाचा, अडलं तर आईला विचारा.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला फिजिक्समध्ये नापास झाले. वर्गात मी एकटीच मुलगी होते, त्यामुळे बाकीच्या सात नापास मुलांची नावं कुणाच्या लक्षात राहिली नाहीत, माझं राहिलं. आमच्या प्रोफेसरांना मुलं पाठीमागे 'बत्तीस' म्हणत, कारण पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला बत्तीस फुटांनी वाढतो हे ते दिवसातून तितक्याच वेळा सांगत. त्यांनी मला खोलीत बोलावलं. "तुमच्या उत्तरपत्रिकेत अक्षर उत्तम आहे," ते म्हणाले, "सायन्सला अक्षर लागत नाही. आर्ट्सला जा, नाव काढाल." मी उभीच राहिले. शेवटी त्यांनी पुस्तकाच्या मागचे शंभर प्रश्न लाल पेन्सिलीने खुणा करून दिले. सुट्टीत हे सोडवून आणायचे, जून महिन्यात ते तोंडी विचारतील, आणि समाधान झालं तरच सायन्सच्या पुढच्या वर्गात बसायचं. नाहीतर तर्कशास्त्र आणि इतिहास. मला डॉक्टर व्हायचं नव्हतं, आणखी काही व्हायचंही डोक्यात नव्हतं. पण मला न कळलेली वस्तू तशीच मागे टाकून निघून जावं लागेल, ही कल्पना मला सहन होत नव्हती.

आमचं घर गंगापूर रस्त्याला होतं. तेव्हा गाव तिथे येऊन संपायचं आणि पुढे पेरूच्या बागा लागायच्या. अण्णा, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात ड्रॉइंगचे मास्तर. घर कौलारू, मागे सपाट गच्चीची एक खोली, आणि अंगणात आमची विहीर. वैशाखात घराला एकच वास असे, भिजवलेल्या गव्हाचा, आंबूस. आई कुरडयांचा चीक शिजवायची. तो रटरटायला लागला की भांड्यातून मोठे बुडबुडे 'फट्' आवाज करून फुटायचे आणि हाताला चटके बसायचे. गरम चिकावर तेल आणि तिखट घालून आम्ही तो ताटलीत घ्यायचो. त्याहून चांगलं मी पुढे कुठेच खाल्लं नाही, आणि माझ्या हातून तो कधी साधला नाही, गुठळ्या होतात. मग आई सोऱ्या घेऊन गच्चीवर धोतराच्या पानावर कुरडया घालायची, आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे. मी डोक्यावर ओला पंचा टाकून जिन्याच्या सावलीत बसायची. एका हातात वेळूची काठी, मांडीवर पाटी, शेजारी पुस्तक. एक प्रश्न, एक कावळा, असं चालायचं. पुस्तक विलायतेत छापलेलं. त्यातली माणसं बर्फावरून घसरगाड्या ओढत, क्रिकेटचे चेंडू मारत, आणि त्यांची वजनं 'स्टोन'मध्ये असत. एक स्टोन म्हणजे चौदा पौंड, हे मी पहिल्या पानावर लिहूनच ठेवलं होतं.

पहिले साठ-एक प्रश्न मी कसेबसे रेटले. अडले ती चौसष्टाव्याला. दहा स्टोन वजनाचा माणूस लिफ्टमध्ये उभा आहे. लिफ्ट खाली निघाली आहे आणि तिचा वेग दर सेकंदाला आठ फुटांनी वाढतो आहे. तर त्या माणसाचा लिफ्टच्या तळावर भार किती? मी लिफ्ट पाहिली नव्हती. जेवताना अण्णांना विचारलं. त्यांनी मुंबईत एकदा पाहिली होती. "खोली असते गं. माणूस आत उभा राहतो, दार लावतात, की खोलीच वर जाते."

"मग जिने कशाला बांधतात?" आई म्हणाली.

"लिफ्ट बंद पडली तर."

"म्हणजे बंद पडते. मी नाही बसायची तसल्या खोलीत. घे, भात घे."

पुस्तकामागे उत्तर छापलेलं होतं: एकशे पाच पौंड. माणूस एकशे चाळीस पौंडांचा. मग पस्तीस पौंड गेले कुठे? सूत्र लावलं की एकशे पाच येत होतं, त्यात काही अवघड नव्हतं. अवघड होतं ते पुढचं. आमच्या घरात एक नियम होता, आईचा. वस्तू हरवत नाही, कुणीतरी उचलून दुसरीकडे ठेवलेली असते. अडकित्ता, चाळणी, अण्णांचा चष्मा, सगळं याच नियमाने सापडायचं, आणि मीही त्याच नियमात वाढलेली. तेव्हा ते पस्तीस पौंड कुणीतरी उचलून कुठेतरी ठेवलेले असणारच. लिफ्टमध्ये दुसरं होतंच काय? तळ आणि वरचा दोर. तळावरचा भार कमी झाला, म्हणजे तो दोरावर गेला. दोन दिवस विचार करून मी हे ठरवलं आणि मला फार हलकं वाटलं. त्याच हिशेबाने पासष्टावा प्रश्नही लागला. त्यात लिफ्ट वर निघते आणि तळावरचा भार पस्तीसने वाढतो. म्हणजे तेवढा दोरावरचा कमी होतो. खाली जाताना दोराला धोका, वर येताना दोर निवांत. मी वहीच्या समासात चौकट आखून हे सुवाच्य अक्षरात लिहिलं. हे पुस्तकात कुठेच नव्हतं. ते माझं होतं.

त्याच आठवड्यात विहिरीतला गाळ काढायचा होता. त्यासाठी दर वैशाखात पेठ तालुक्याच्या बाजूची डोंगरातली माणसं गावात येत. आमच्याकडे सोमा, त्याचा थोरला भाऊ लहानू आणि सोमाची बायको येसू असे तिघे ठरलेले. दोघे भाऊ वर दोर ओढायचे आणि येसू खाली उतरायची, कारण तिघांत ती सर्वांत हलकी. आमच्या आईच्या खांद्याला लागेल एवढीच उंची, काटक, आणि बोलायला फटकळ. विहिरीला वरच्या अर्ध्या भागात पाय ठेवायला दगड होते, खाली नुसता खडक. म्हणून दोराला झोक्यासारखी फळी बांधून तिला खाली सोडत. मग फळी सोडवून त्याच दोराने गाळाच्या पाट्या, म्हणजे टोपल्या, वर यायच्या. आणखी एक सांगते, कारण ते वगळून ही हकीकत सांगणं बरोबर नाही. गाळ काढायला ही माणसं आमच्या विहिरीच्या तळापर्यंत जात, पण तहान लागली तर पाणी त्यांच्या ओंजळीत वरून ओतलं जाई. मी ते रोज पाहत होते आणि मला त्यात काही प्रश्न पडला नव्हता. मला प्रश्न पडत होते ते लिफ्टचे.

त्या वर्षी आमचा दोर एका जागी विसविशीत झाला होता. सोमाने तो हातात घेऊन फिरवून पाहिला. "मास्तर, दोर बदलायला पायजे."

"काल दुपारभर वाळूची दोन ओली पोती टांगून ठेवली होती," अण्णा म्हणाले. "हूं की चूं नाही. दोन पोत्यांपुढे येसू म्हणजे काय?"

"टांगलं तर धरतोच त्यो," सोमा म्हणाला.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. बाजारात जाऊन दोर आणायचा म्हणजे सकाळ मोडणार होती, हे खरं. पण त्यांच्या चेहऱ्यावर तेवढंच नव्हतं. मी नापास झाल्यापासून ते मला रोज काहीतरी विचारत, आणि मी उत्तर दिलं की मान डोलवत. "काय मालूताई? तुमचं शास्त्र काय म्हणतं?"

मी पाटी घेऊन आले. येसूचं वजन सहा स्टोन धरलं. आकडे मांडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खाली सोडताना अगदी हळू सोडा. तेव्हा दोरावर भार जास्त असतो. वर ओढताना काळजी नाही, तेव्हा दोर हलका होतो."

येसू काठावर बसून कमरेला पदर बांधत होती. ती थांबली. "उलटं बोलताय ताई. दोर तुटतो त्यो उचलताना. लोंबताना नाय तुटत, सोडताना नाय तुटत."

"गप गं," लहानू म्हणाला. "त्या कालेजात जातात."

"कालेजात हीर हाय का?" येसू म्हणाली, आणि सगळे हसले. अण्णासुद्धा. स्वयंपाकघराच्या दारातून आईही हसलेली मला ऐकू आली. माझे कान तापले. मी म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय."

मुलांनो, तीच ती गोष्ट. पुस्तकात तसं लिहिलेलं नव्हतं. माझ्या चौकटीत लिहिलेलं होतं, आणि दोन्हींतला फरक मला बोलतानाही नीट ठाऊक होता. पण 'पुस्तकात' म्हटल्यावर हसणं थांबलं. सोमाने दोर रहाटावर टाकला. येसू फळीवर बसली आणि खाली जाताना माझ्याकडे बघत राहिली, डोकं काठाखाली जाईपर्यंत. त्यांनी तिला हळू सोडली. नेहमी ते तसंच सोडत असत, माझ्या शास्त्रामुळे नव्हे.

सकाळभर काम चाललं. खालून येसूची हाक यायची, "ओढा!", मग दोघांचा एकदम हुंकार, रहाटाची करकर, आणि पाटी वर आली की गाळ ओतल्याचा थप् आवाज. गाळात आमच्या घरातल्या हरवलेल्या वस्तू निघत होत्या; एक फुलपात्र निघालं, एक कडी निघाली, आणि आई दर वेळी म्हणायची, "मी म्हटलं नव्हतं?" मी कट्ट्यावर बसून सहासष्टावा प्रश्न सोडवत होते. ऊन चढलं तशी पुरुषांची घाई झाली. येसूने हाक दिली, दोघांनी पाय रोवून जोराचा हिसका दिला, आणि दोर तुटला. आवाज अगदी लहान होता, वाळकी शेंग मोडल्यासारखा. दोघे भाऊ मागे आपटले. खालून पाटी पडल्याचा जड आवाज आला आणि मग काहीच आवाज आला नाही.

सोमा काठाशी पालथा पडून ओरडत होता, "येसू! ए येसू!" मला काठापर्यंत जाववलं नाही. माझ्या हातात लिहायची पाटी होती आणि पाटीवर माझं अक्षर होतं.

"वरडू नको," खालून आवाज आला. "जिती हाय. टोपलं फुटलं."

खडकात एक खोबण होती. दर वेळी 'ओढा' म्हणण्याआधी येसू त्या खोबणीत शिरून अंग भिंतीला चिकटवून उभी राहायची. उचलण्याच्या क्षणी ती पाटीखाली कधीच उभी राहत नसे.

अण्णा सायकल काढून दोर आणायला गेले. त्यांना बराच वेळ लागला. सोमा आणि लहानू झाडाखाली गुडघ्यांत डोकं घालून बसले. आईने भाकरी, कांदा आणि कैरीचा ठेचा फडक्यात बांधला, पोहऱ्यात ठेवला आणि पोहरा माझ्या हातात दिला. "तू सोड खाली," ती म्हणाली. तिने आणखी काही म्हटलं असतं तर बरं झालं असतं. मी पोहऱ्याची बारीक दोरी हळूहळू सोडली आणि पहिल्यांदा विहिरीत वाकून पाहिलं. खाली चिखलात येसू, वर बघणारा तिचा चेहरा वाटीएवढा.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"चिखुल उडाला त्वांडावर. ठेचा झ्याक हाय."

"येसू, तुला कसं ठाऊक होतं? उचलतानाच तुटतो म्हणून?"

ती चावत होती. विहिरीत तो आवाजसुद्धा मोठा वाटत होता. "हंडा उचलला न्हाय का कधी? भुईवरनं उचलताना लय जड. डोईवर गेला का मग तवढा नाय."

"पण हंडा तर तेवढाच असतो."

"तवढाच."

"मग जड का लागतो?"

"उचलायचा असतो म्हून," ती म्हणाली. मला ते उत्तर वाटलंच नाही. मी पुन्हा विचारलं, "ते जास्तीचं वजन येतं कुठून? आणि उतरवताना जातं कुठे?"

"ताई, तुमचं लय येतं आन् जातं," येसू म्हणाली. "हंडा काय पावना हाय का?"

मी हसले आणि मला रडू आलं. पुस्तकात तसं नव्हतं, मी बनवून सांगितलं, हे मला तिला सांगायचं होतं. विहिरीत हळू बोललेलंही ऐकू जातं, आणि झाडाखाली दोघे भाऊ बसलेले होते. मी म्हणाले, "आणखी भाकरी हवी का?" ती म्हणाली, "नको, पानी सोडा." मी पाण्याची कळशीच खाली सोडली, आमची घरातली, पितळी. वरून ओतायचं म्हटलं तर ते खालपर्यंत पोचणार कसं? आईने पाहिलं आणि मला अडवलं नाही.

अण्णा नवा दोर घेऊन आले. सोमाने पहिली ओढ इतकी हळू घेतली की रहाट फिरला हे कळलंही नाही. येसू वर आली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत काळ्या गाळाची होती, नुसते डोळे आणि दात दिसत होते. माझ्यापुढून जाताना म्हणाली, "ताई, आता बुकात नीट लिवून ठेवा." ती चिडली नव्हती. खरंच पुस्तकात चूक आहे आणि ती मी दुरुस्त करीन, अशी तिची समजूत होती.

संध्याकाळी अण्णांनी विचारलं, "पुस्तकात तसं होतं का गं?" मी म्हणाले, "माझ्या वाचण्यात चूक झाली." "असं होतं," ते म्हणाले आणि दिवा पुसायला घेतला. त्यानंतर त्यांनी मला शास्त्र कधी विचारलं नाही. त्याची चुटपुट मला नापास होण्याहून जास्त लागली.

दुसऱ्या दिवसापासून मी चौसष्टावा प्रश्न पुन्हा मांडायला घेतला आणि पार गोंधळून गेले. दोन ओली पोती दुपारभर पेलणारा दोर एका पाटीने कसा तुटला? सकाळभर घासून तो झिजलाही असेल. की हिसक्याने? हिसका म्हणजे वेगवाढच ना? मग दोरावरचा ताण वाढला पाहिजे. म्हणजे तळावरचा भार वाढतो तेव्हाच दोरावरचाही वाढतो. दोन्ही एकदम वाढतात आणि दोन्ही एकदम कमी होतात. मग इकडचं तिकडे कोण ठेवतं? आईचा नियम इथे लागत नव्हता, आणि तो सोडून विचार कसा करायचा हे मला कुणी शिकवलं नव्हतं. कुरडया वाळल्या, डब्यात भरल्या, कावळे दुसरीकडे गेले, आणि माझ्या वहीत चौसष्टाव्या प्रश्नाची अकरा पानं झाली. सदुसष्टापासून पुढचे प्रश्न मी सोडवलेच नाहीत.

जून महिन्यात प्रोफेसरांनी वही चाळली. अकरा पानांपाशी ते थांबले. "हे काय आहे?"

"लिफ्टचा प्रश्न, सर."

"उत्तर पहिल्या ओळीत आलंय. मग ही पानं कशाची?"

त्यांनी वही मिटली. "बरं, सांगा. दोर तुटायचा असेल तर कधी तुटेल?"

"वर निघताना."

"का?"

मला सूत्र म्हणून दाखवता आलं असतं. आदल्या वर्षी मी तेच केलं होतं. "सर, माणसाला नुसतं धरून ठेवायला एकशे चाळीस लागतात," मी म्हणाले. "वर निघताना त्याला हलवायचंही असतं, ते आणखी लागतात. ते येतात कुठून आणि जातात कुठे, हे मला अजून कळलेलं नाही. आणि आधी मी हे उलटं समजत होते, तेव्हा आमच्या विहिरीत एक बाई होती."

"कोण बाई?" त्यांनी विचारलं. सगळं सांगावं लागलं. पुस्तकाचं नाव घेऊन मी खोटं बोलले, तेही सांगितलं. आजवर ते फक्त त्यांनाच ठाऊक होतं, आणि आता तुम्हाला. ऐकून ते म्हणाले, "शंभरांतले सहासष्टच झालेत." मी "हो" म्हटलं. "उरलेले दिवाळीपर्यंत आणून द्या. बसा वर्गात. आणि आपल्या डोक्यातलं पुस्तकाच्या तोंडी घालू नका, पुस्तकं तशीही पुष्कळ चुका करतात."

पुढे मी पदवी घेतली, छत्तीस वर्षं शाळेत हेच शिकवलं, हे तुम्हाला माहीत आहे. ते पस्तीस पौंड मला नेमके कधी कळले ते सांगता येत नाही. शिकवताना मुली हो म्हणत आणि मीही हो म्हणे. पण फळ्याकडे वळले की क्षणभर अजून वाटायचं, ठेवले कुठे? रेवा, गोंधळ लगेच जात नाही. तो असताना वर्गात बसून राहता येतं. न कळलेलं कळलं म्हणून सांगू नकोस, एवढंच माझं म्हणणं आहे.

पुढच्या वैशाखात सोमा आणि लहानू आले, येसू आली नाही. ती पोटुशी होती, असं सोमा म्हणाला. त्यानंतरच्या वर्षी दुसरीच माणसं आली. तिला खरं सांगायचं राहून गेलं.

घर आता नाही. पेरूच्या बागाही नाहीत, तिथे पाच मजली इमारत आहे. विहीर मात्र त्या इमारतीच्या आवारात, वाहनं लावतात तिथे कोपऱ्यात आहे. वर लोखंडी जाळी बसवली आहे. मागच्या उन्हाळ्यात तुमच्या काकाबरोबर जाऊन मी पाहून आले. पाणी आहे.